होळीपलीकडचा सावोनारोला

७ फेब्रुवारी १४९७. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या मुख्य चौकात आरसे, अत्तरे, पत्ते, वाद्ये, पुस्तके यांचा डोंगर रचून पेटवण्यात आला. आपली होळीच म्हणा ना! ज्याच्या शब्दाखातर हे घडले, तो जिरोलामो सावोनारोला डॉमिनिकन पंथाचा संन्यासी होता.

जन्म १४५२ चा, फेरारा गावचा. आजोबा राजवैद्य. नातवानेही वैद्यक शिकावे ही घरच्यांची इच्छा, पण १४७५ मध्ये तो घर सोडून बोलोन्याच्या मठात गेला. पुढे फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठाचा प्रमुख झाला. धर्माधिकारी पदे विकतात, श्रीमंत चैनीत बुडाले आहेत, शहराची घडी विस्कटली ती या पापांमुळे, पश्चात्ताप केला नाही तर देवाचा कोप ठरलेला, असे तो सांगे. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा सैन्य घेऊन आला, सत्ताधारी मेदिची घराणे परागंदा झाले आणि लोकांना त्याचे भाकीत खरे वाटले.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, मला त्या होळीपेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्याच्या पाठिंब्याने शहरात गरिबांना वस्तू तारण ठेवून माफक व्याजाने कर्ज देणारी सार्वजनिक पेढी निघाली. अंगावरचे कपडे गहाण टाकणाऱ्याला थोडा श्वास मिळाला. पश्चात्तापाची ही जमेची बाजू. पण दारोदार मुले धाडून दुसऱ्यांच्या घरातले पाप गोळा करणे? तिथे त्याचा हिशेब चुकला.

मे १४९७ मध्ये पोपने त्याला बहिष्कृत केले. लोकही विटले. २३ मे १४९८ रोजी त्याच चौकात त्याला दोन सहकाऱ्यांसह फाशी देऊन जाळण्यात आले. राख आर्नो नदीत टाकली. पेढी मात्र चालू राहिली.