रामानुजनांचा सीव्ही

एम.एस.च्या अर्जासाठी गेल्या महिन्यात सीव्ही लिहायला घेतला. नाव, पत्ता, दहावी, बारावी इथपर्यंत गाडी सुसाट. मग आलं सेकंड इयर. दोन केट्या! रूम पार्टनरचं मत पडलं की सरळ एकूण टक्के टाकून मोकळं व्हावं. एका सीनिअरने हॉबीज वाढवायला सांगितल्या. वैतागून लायब्ररीतून आणलेलं रामानुजनांचं चरित्र उघडलं, तर या माणसाचं रेकॉर्ड माझ्यापेक्षा वाईट!

जन्म १८८७ चा, इरोडचा, लहानपण कुंभकोणममध्ये. शाळेत हुशार. १९०४ साली स्कॉलरशिपवर सरकारी कॉलेजात गेले आणि गणितात असे बुडाले की बाकीचे विषय राहिले. स्कॉलरशिप गेली. पुढे मद्रासचं पच्चैयप्पा कॉलेज. एफ.ए.च्या परीक्षेत १९०६ ला नापास, १९०७ ला पुन्हा नापास. घरी पैशांची ओढाताण, त्यात १९०९ ला लग्न. हातात काय, तर सूत्रांनी भरलेल्या वह्या. त्याच घेऊन ते लोकांना भेटत फिरले. १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये पहिला पेपर आला.

१९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला. मॅट्रिक झालोय, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढचं राहिलं, तेव्हापासून गणितच करतोय, असं त्यात साधं लिहिलं होतं. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र. तीस रुपये पगाराची नोकरी मिळाली. तिथले चेअरमन सर फ्रान्सिस स्प्रिंग इंजिनिअर होते, हे आपलं जाता जाता!

आता खरा अर्ज. १६ जानेवारी १९१३ ला त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं. त्याआधी बेकर आणि हॉबसन या तिथल्याच दोन बड्या प्राध्यापकांकडून काही मदत झाली नव्हती. पत्राची सुरुवातच अशी की मी हिशेब खात्यातला कारकून, वर्षाला वीस पौंड पगार, युनिव्हर्सिटीचं शिक्षण नाही. (वय मात्र तेवीसच्या आसपास लिहिलंय, तेव्हा पंचविशी पूर्ण झाली होती. घाईत होतं असं!) रडगाणं नाही, लपवाछपवी नाही. दोन-तीन ओळींत विषय संपवून पुढे पानंच्या पानं प्रमेयं.

हार्डींनी ती लिटलवूडना दाखवली. काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या होत्या. काही पार नवीन आणि इतक्या अवघड की हार्डी चक्रावले. मूळ संख्यांबद्दलचा एक दावा चक्क चुकीचा होता. तरी हार्डींनी उत्तर पाठवलं आणि सिद्धता मागितल्या. मला वाटतं, पत्रात कमी होती ती हीच. उत्तरं होती, ती कशी काढली ते नव्हतं. प्रोजेक्टचं नुसतं नाव टाकून आपण स्वतः काय केलं ते न लिहिणारे आपण सगळे याच जातीचे, फक्त आपल्याकडे ती उत्तरंही नसतात!

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९१३ मध्येच मद्रास युनिव्हर्सिटीने महिना पंच्याहत्तर रुपयांची स्कॉलरशिप दिली. १९१४ ला केंब्रिज. १९१६ ला संशोधनावर बी.ए. १९१८ ला रॉयल सोसायटीचे फेलो आणि ट्रिनिटीचेही. आजारी होऊन १९१९ ला परतले, २६ एप्रिल १९२० ला गेले. वय बत्तीस.

दुसऱ्या दिवशी मी हॉबीज काढून टाकल्या. प्रोजेक्ट वर घेतला आणि त्यातलं मी केलेलं काम चार ओळींत लिहिलं. केट्यांची एक ओळ ठेवली, कोणत्या सेमला सुटल्या त्यासकट. शिफारसपत्रं दोन लागतात. एक गाइड सर देणार आहेत. दुसऱ्यासाठी ज्यांच्या विषयात केटी लागली होती त्याच सरांकडे जायचं ठरवलंय, कारण नंतर मी त्यांच्याच लॅबमध्ये वर्षभर बसलोय. उद्या अकराला बोलावलंय. अजून विचारलेलं नाही.