खेकडे मोजणारे प्राध्यापक

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी भाव व मागणी यांचा सहसंबंध गुणक काढतो, तो परीक्षेपुरता. फ्रान्सिस गॉल्टन यांनी ही कल्पना १८८८ साली माणसांच्या मापांवरून मांडली. ती समुद्रकाठच्या कोळंबीला आणि खेकड्यांना लावणारे पहिले गृहस्थ म्हणजे वॉल्टर फ्रँक राफाएल वेल्डन.

त्यांचा जन्म १८६० सालचा, लंडनचा. केंब्रिजला प्राणिशास्त्र शिकून पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. डार्विनची नैसर्गिक निवड तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. ती चालू असल्याचे मोजून मात्र कोणी दाखवले नव्हते. वेल्डन यांनी ते काम अंगावर घेतले. इंग्लंडमधील प्लिमथ आणि इटलीतील नेपल्स येथील प्रत्येकी एक हजार खेकड्यांच्या माद्या त्यांनी मोजल्या. मोजायला पत्नी फ्लॉरेन्सही बसत. कॅलक्युलेटर नसताना एवढी आकडेमोड! आम्हाला पन्नास आकड्यांची सरासरी काढतानाच घाम फुटतो.

प्लिमथच्या खेकड्यांच्या कपाळाच्या रुंदीचा आलेख घंटेसारखा आला, नेपल्सचा मात्र वाकडा. सहकारी कार्ल पिअरसन यांनी १८९४ मध्ये त्या वाकड्या आलेखातून दोन सरळ घंटा वेगळ्या करून दाखवल्या; म्हणजे नेपल्सला खेकड्यांचे दोन प्रकार मिसळलेले असावेत. एकेक खेकडा हातात घेऊन हे कधीच दिसले नसते.

प्लिमथच्या बंदरात मोठा बांध झाल्यापासून नद्यांनी आणलेली पांढरी माती आतच साचत होती. तिथल्या खेकड्यांची कपाळे वर्षागणिक अरुंद होत असल्याचे वेल्डन यांना आढळले. त्यांनी भांड्यातल्या पाण्यात तीच माती ढवळून खेकडे सोडले. मेलेले सरासरीने रुंद कपाळाचे निघाले, जगलेले अरुंद. अरुंद कपाळाच्या खेकड्याच्या कल्ल्यांत गाळ कमी शिरत असावा, असा त्यांचा तर्क. १८९८ साली हे त्यांनी जाहीर केले तेव्हा टीका पुष्कळ झाली, आणि काही आक्षेप मलाही रास्त वाटतात: कात टाकून वाढणाऱ्या प्राण्याचे वय कसे ठरवायचे? वेल्डन वाद घालत बसले नाहीत असे नाही, पण शेकडो खेकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाळून त्यांची वाढही मोजत राहिले.

१९०१ मध्ये गॉल्टन व पिअरसन यांच्यासह त्यांनी ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक काढले. पुढे मेंडेलच्या नियमांवरून जुने मित्र बेटसन यांच्याशी कडाक्याचे भांडण जुंपले. त्यासाठी घोड्यांच्या वंशावळी चाळत असतानाच १३ एप्रिल १९०६ रोजी न्यूमोनियाने ते गेले. वय अवघे सेहेचाळीस.

‘बायोमेट्रिका’चे अंक पुढे केंब्रिजला शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या हाती पडले. दोन समूहांतील अंतर अनेक मापांवरून एकदम काढण्याची रीत त्यांनी दिली, आणि १९४४ साली ऑक्सफर्डचे वेल्डन स्मृती पारितोषिक त्यांनाच मिळाले.