शेख महंमदांचा घोडा

दत्तशिखर आणि सोनापीर दर्गा या दोन्ही वाटा पायांना ठाऊक असलेल्या माहूरकरांना श्रीगोंद्याचे शेख महंमद परके वाटणार नाहीत. वाहिऱ्याचे हे सूफी. वडील राजेमहंमद, आई फुलाई. गुरू चांद बोधले. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला. तिथेच १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ हा १८ प्रसंगांचा ग्रंथ पुरा झाला, आणि तो मराठी ओवीत. शेतात, बाजारात राबणाऱ्याला कळावे, ही त्यामागची तळमळ असावी.

यातली लढाई मैदानावरची नाही. आत्मा हा योद्धा, मन हा त्याचा घोडा, आणि शत्रू आपल्यातलाच अहंकार. मला ही उपमा फार आवडते. घोडा मारायचा नसतो, लगाम धरून त्याच्यावर बसायचे असते! जिक्र काय, ध्यान काय, रोजचा सराव हाच. शेखसाहेब स्वतः संसारी होते. ‘पवनविजय’ हेही त्यांचेच. पवन म्हणजे श्वास.

रोज्यात असरनंतर घसा कोरडा पडतो, बाजारात कुणाचा धक्का लागतो, शब्द ओठांवर येतो. एक श्वास थांबतो मी. घोडा तेवढ्यात नेमका उधळायला बघतो.