डॉ. वसंत खानोलकर : सवयी विचारून कर्करोगाचे कारण शोधणारे डॉक्टर

तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासायला घेताना डॉक्टरांनी तुम्हाला बरेच प्रश्न विचारले असतील. तंबाखू खाता का, किती वर्षे, कोणत्या गालात धरता? नातेवाइकांना ही उलटतपासणी वाटते आणि रुग्ण अनेकदा खरे सांगत नाही. पण या प्रश्नांतूनच आपल्याकडचे कर्करोग संशोधन उभे राहिले. ते उभे करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आधी घ्यावे लागते.

१८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठात शिकले आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. तुमच्या बायोप्सीचा रिपोर्ट येतो तो याच विभागातून. मुंबईत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

त्या काळी डॉक्टर शिकत ते परदेशी रुग्णांवर लिहिलेल्या पुस्तकांतून. सूक्ष्मदर्शकाखाली येणारे रुग्ण मात्र इथले होते. काहींना कमरेच्या कातडीचा कर्करोग होता. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने कातडी घासून जाड होई, रंग बदले, आणि क्वचित तिथेच कर्करोग होई. चुना मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरणाऱ्यांना नेमका तिथेच रोग होत होता. खानोलकरांनी १९४५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (परकराच्या नाडीनेही असा त्रास झाल्याचे पुढे आढळले. कमरेवरचा काळा वळ बहुधा साधाच असतो. तिथे न भरणारी जखम झाली तर दाखवून घ्या.)

१९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी विडी ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला. तंबाखूवर आज आम्ही इतक्या ठामपणे बोलतो, त्यामागे अशी कामे आहेत.

मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते. एकटा हुशार डॉक्टर किती स्लाइड पाहणार? नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, पैशांची चणचण असलेल्या देशात संशोधन करणारी माणसेच कमी होती. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, ते खानोलकरांच्या पुढाकाराने. तिथे डॉक्टरांच्या जोडीला जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारी माणसे घेतली. कमल रणदिवे या त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झालेल्या. पुढचे शिक्षण अमेरिकेत बाल्टिमोरला घेऊन त्या परतल्या आणि पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासण्याची प्रयोगशाळा त्यांनी याच केंद्रात उभारली. शिकायला बाहेर जायचे, पण काम इथे येऊन करायचे, हा रस्ता खुद्द खानोलकरांनीच आधी चोखाळला होता.

ते १९७८ मध्ये गेले. त्यांचे केंद्र १९६६ मध्येच टाटा रुग्णालयाशी जोडले गेले होते. आज ते खारघरला आहे. तिथे संशोधनही चालते आणि रुग्णांवर उपचारही होतात. तिथल्या किंवा कुठल्याही ओपीडीत पुढच्या वेळी तंबाखूचा प्रश्न आला, तर वर्षे कमी करून सांगू नका. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर प्रश्नांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.