'मी' कुठून येतो? : जॉर्ज हर्बर्ट मीड



डी.एड.ला असताना 'स्व-संकल्पना' हा मुद्दा आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. त्यात जॉर्ज हर्बर्ट मीड हे नाव एका ओळीत येऊन जातं. मीसुद्धा तेव्हा ते लिहिलं, मार्क मिळवले आणि विसरून गेले. पुढे कधीतरी वाचनात आलं की हा माणूस काही दिवस आपल्यासारखाच शाळामास्तर होता, आणि त्याची नोकरी चारेक महिन्यांतच गेली. तेव्हापासून मीड मला जवळचे वाटायला लागले.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील धर्मोपदेशक. पुढे ते ओहायोतल्या ओबर्लिन इथे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकवायला गेले. आईही शिकलेली, नंतरच्या काळात त्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. घरात धर्म होता, पण जॉर्जचा त्यावरचा विश्वास कॉलेजात असतानाच डळमळीत झाला.

१८८३ मध्ये पदवी घेऊन ते शाळेत शिकवायला लागले. वर्गात दंगा करणारी मुलं होती. मीड यांनी काय केलं, तर अशा मुलांना सरळ शाळेतून घरी पाठवायला सुरुवात केली. शेवटी शाळेने त्यांनाच घरी पाठवलं! मग तीनेक वर्षं रेल्वेमार्गाच्या सर्वेक्षणाचं काम आणि अधूनमधून शिकवण्या, असं चाललं.

१८८७ मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे विल्यम जेम्स यांच्या मुलांना त्यांनी शिकवलं. नंतर जर्मनीत लाइपझिगला वुंट यांच्याकडे आणि मग बर्लिनला. पीएच.डी. मात्र कधीच पूर्ण झाली नाही. १८९१ मध्ये मिशिगन विद्यापीठात नोकरी मिळाली, तिथे जॉन ड्यूई भेटले, आणि १८९४ मध्ये दोघंही शिकागोला आले. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक होते.

आता मुख्य गोष्ट. देकार्तपासून एक विचार चालत आला होता की आधी माणसाच्या आत 'मी' असतो आणि मग तो जगाकडे बघतो. मीड यांनी हे उलटं केलं. मूल 'मी' घेऊन जन्माला येत नाही. आधी माणसं, त्यांचं बोलणं, त्यांचे हातवारे; त्यातून मग 'मी'. यात भाषेचं काम मोठं. आपण बोलतो ते समोरच्याला ऐकू येतं तसं आपल्यालाही ऐकू येतं, त्यामुळे आपण स्वतःकडे दुसऱ्याच्या जागेवरून बघू शकतो.

हे घडतं खेळातून. भातुकलीत मूल एकदा आई होतं, एकदा दुकानदार होतं. एका वेळी एकच भूमिका. माझ्या पहिलीच्या वर्गात एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी बाई झाली होती. हातात खडू, कमरेवर हात. तिने एका मुलाला दाराशी उभं केलं आणि तोंड तिकडे करायला सांगितलं. मी व्हरांड्यात उभी होते. आवाज तिचा होता, पण बोलण्याची ढब माझी होती. मला पटकन आत जाववेना.

नियमांचा खेळ त्यापुढचा. मीड यांचं उदाहरण बेसबॉलचं. आपण खो-खो घेऊ. बसलेल्या खेळाडूला खो मिळेपर्यंत पाठलाग करणारा कुठे आहे, पळणारा कुठे वळेल, आपण कुणाला खो द्यायचा, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. सगळ्यांच्या जागा एकट्याने मनात धरायच्या! पुस्तकात याला 'सामान्यीकृत इतर' म्हणतात. आपल्याकडचा 'चारचौघं' हा शब्द मला जास्त बरा वाटतो. आपण मात्र परीक्षेसाठी याचे वयानुसार टप्पे करून टाकतो. मीड यांनी वयं अशी बांधून दिली नव्हती.

मग माणूस फक्त चारचौघांची नक्कल का? नाही. त्यांनी स्वचे दोन भाग सांगितले आणि मराठीत ते फार सोपे होतात : 'मला' आणि 'मी'. मला काय म्हणतील, मला कसं वागायला हवं, हा पहिला. तरीही हात वर करून भलतंच उत्तर देऊन टाकतो तो 'मी'. तो काय करणार हे आधी त्यालाही माहीत नसतं, केल्यावर कळतं.

मीड नुसते वर्गात बसून राहिले नाहीत. परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी जेन अॅडम्स यांनी चालवलेल्या हल हाउसच्या कामात ते होते. १९१० च्या कपडा कामगारांच्या संपात नेमलेल्या नागरिक समितीतही होते. १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून गेले, मीड तिथेच राहिले.

२६ एप्रिल १९३१ ला ते गेले. लेख बरेच लिहिले, पण हयातीत स्वतःचं एकही पुस्तक काढलं नाही. वर्गात ते हातात टिपणं न घेता बोलत. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या तासांवरून चार्ल्स मॉरिस यांनी १९३४ मध्ये 'माइंड, सेल्फ अँड सोसायटी' हे पुस्तक तयार केलं. त्यात एकच मुद्दा दोन-दोन, तीन-तीन वेळा येतो, आपल्या वर्गात येतो तसाच.