हंफ्री डेव्ही आणि प्राचीनांचे रंग

सर हंफ्री डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स येथे झाला. त्यांचे वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये पितृछत्र हरपल्यावर हंफ्री एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले आणि तेथेच, बव्हंशी स्वाध्यायाने, रसायनशास्त्र शिकले. काव्याचीही त्यांना ओढ होती. ब्रिस्टल येथे कोलरिजशी त्यांचा स्नेह जडला व ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० मधील आवृत्तीची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने त्यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम व सोडियम आणि पुढील वर्षी कॅल्शियम, बेरियम आदी मूलद्रव्ये वेगळी केली. ही कीर्ती पाठीशी घेऊन, मायकेल फॅराडे या तरुण साहाय्यकासह, ते ऑक्टोबर १८१३ मध्ये युरोपच्या प्रवासास निघाले व यथावकाश रोमला पोहोचले.

प्लिनी व व्हिट्रुव्हियस यांच्या ग्रंथांत रंगांची नावे व कृती आल्या आहेत. पण कोणते नाव कोणत्या द्रव्याचे, याचा निर्णय केवळ शब्दार्थाच्या आधारे होण्याजोगा नव्हता. पाँपेईतील काही रंगांचे पृथक्करण शाप्ताल या फ्रेंच रसायनज्ञाने १८०९ मध्ये प्रसिद्ध केले होते. डेव्हींनी हेच कार्य रोममध्ये अधिक व्यापक केले. अडचण अशी, की अम्ल व अग्नी ही त्या काळची परीक्षासाधने नमुन्याचाच नाश करीत. म्हणून शिल्पकार कानोव्हा यांच्या साहाय्याने प्राचीन चित्रांपर्यंत पोहोचल्यावरही त्यांनी चित्राला बाध न येईल इतकेच सूक्ष्म कण घेतले.

टायटसच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडलेले एक मोठे मृत्पात्र त्यांना विशेष उपयोगी पडले, कारण त्यात खडू व माती मिसळलेले विविध रंग होते. त्यातील एक तांबडा रंग शेंदूर ठरला, तर इतर तांबडे रंग लोहयुक्त गेरूचे प्रकार ठरले. अन्यत्र हिंगूळ, पिवळी माती, तांब्याची हिरवी संयुगे व कोळशाचा काळा रंग आढळला. निळा रंग हा क्षार, वाळू व तांबे एकत्र भाजून सिद्ध केलेला काचसदृश पदार्थ होता. डेव्हींनी सोडा, गारगोटीची पूड व तांब्याचा कीस तापवून तसाच रंग तयार केला. व्हिट्रुव्हियसच्या कृतीला अशा रीतीने प्रयोगाचा आधार मिळाला. या रंगाचा मुख्य घटक कॅल्शियम व तांबे यांचे स्फटिकमय सिलिकेट असल्याचे उत्तरकालीन संशोधनाने दाखविले. दुसऱ्या एका मृत्पात्रातील फिकट गुलाबी द्रव्य सेंद्रिय असल्याचे त्यांनी ओळखले. ते प्राणिज की वनस्पतिज, हा प्रश्न मात्र पुराव्याअभावी त्यांनी अनिर्णीत ठेवला.

हा निबंध १८१५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. खाणकामगारांसाठी सुरक्षादीपही त्यांनी त्याच वर्षी सिद्ध केला. पुढे हर्क्युलेनियमच्या जळक्या पपायरस-गुंडाळ्या रसायनांच्या योगे उलगडण्याचा प्रयत्न त्यांनी नेपल्समध्ये केला. त्यास अपेक्षित यश लाभले नाही. २९ मे १८२९ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. आज क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगविलेल्या मृत्पात्राला ओरखडाही न उमटविता त्यावरील खनिजांतील मूलद्रव्ये ओळखता येतात. ग्रंथातील शब्द आणि उत्खननातील वस्तू यांची परस्परांशी पडताळणी करण्याची डेव्हींची रीत मात्र या नव्या साधनांनाही सोडून चालत नाही.