पानाची खालची बाजू पाहणारा माणूस : चार्ल्स व्हॅलेंटाईन रायली

पॉलिहाऊसमधील शिमला मिरची किंवा काकडी तोडणीला आली की नेमका त्याच वेळी लाल कोळी डोके वर काढतो. बाहेर ऊन तापलेले, आत हवा कोरडी. पानांवर बारीक पांढरट ठिपके दिसतात आणि चार दिवसांत शेंड्याला जाळी. फवारावे तर मालात अंश राहण्याची भीती, थांबावे तर झाड हातचे जाण्याची. या पेचात उपयोगी पडेल असे काम एका कीटकशास्त्रज्ञाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. त्यांचे नाव चार्ल्स व्हॅलेंटाईन रायली.

शेतातून प्रयोगशाळेकडे

रायली यांचा जन्म सप्टेंबर १८४३ मध्ये लंडनमध्ये झाला. शाळा फ्रान्समधील दिएप आणि जर्मनीतील बॉन येथे झाली. चित्रकलेत हात चांगला होता. वयाच्या सतराव्या वर्षी ते अमेरिकेत इलिनॉय राज्यात आले आणि एका शेतावर कामाला लागले. पिकावरची कीड त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती काम करणाऱ्याच्या नजरेने. पुढे शिकागोच्या 'प्रेअरी फार्मर' या शेती नियतकालिकात ते किडींवर लिहू लागले. कीड कशी दिसते, अंडी कुठे घालते, कोणत्या अवस्थेत नुकसान करते, हे ते स्वतः चित्रे काढून दाखवत.

१८६८ मध्ये मिसुरी राज्याने त्यांना राज्य कीटकशास्त्रज्ञ नेमले. तिथे त्यांनी नऊ वार्षिक अहवाल लिहिले. उपाय सांगण्याआधी किडीचा जीवनक्रम समजून घ्यायचा, ही त्यांची पद्धत या अहवालांत जागोजागी दिसते. १८७० च्या दशकात टोळधाडीने पश्चिमेकडील राज्यांतील पिके फस्त केली, तेव्हा केंद्र सरकारने १८७७ मध्ये नेमलेल्या कीटक आयोगाचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच आले.

द्राक्षबागा आणि एक परभक्षी कोळी

त्याच काळात फ्रान्समधील द्राक्षबागा मुळांपासून मरत होत्या. कारण होते फायलोक्सेरा ही सूक्ष्म कीड. फ्रेंच वेलींच्या मुळांवरची कीड आणि अमेरिकन वेलींच्या पानांवर गाठी करणारी कीड एकच आहे, हे पक्के करण्यात रायली यांचा मोठा वाटा होता. अमेरिकन वेली या किडीला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच जातींचे कलम करावे, या उपायाला त्यांनी बळ दिले. फ्रान्सने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. आज नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. त्याचे मुख्य कारण पाण्याचा ताण आणि क्षार हे असले, तरी तत्त्व तेच आहे : मूळ सोशिक, फळ हवे त्या जातीचे.

१८७३ मध्ये रायली यांनी आणखी एक प्रयोग केला. फायलोक्सेरा खाणारा एक कोळी त्यांनी अमेरिकेतून फ्रान्सला पाठवला. तो तिथे टिकला, पण किडीवर ताबा मिळवू शकला नाही. परभक्षी नुसता जगून भागत नाही. तो किडीच्या वेगाने वाढला पाहिजे आणि कीड जिथे आहे तिथे पोहोचला पाहिजे.

फवारा खालून वर

पुढे वॉशिंग्टनला केंद्रीय कृषी खात्याचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ असताना त्यांनी कपाशीवरच्या अळीचे काम हाती घेतले. वरून मारलेला फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोहोचत नाही, ही खरी अडचण होती. त्यांच्या विभागात विल्यम बर्नार्ड यांच्यासह असा नोझल तयार झाला, ज्यात द्रव गोल फिरून बारीक तुषार होऊन बाहेर पडतो आणि खालून वर मारता येतो. आजचे आपले पोकळ शंकू नोझल त्याच तत्त्वावर चालतात.

१२९ ढालकिडे

रायली यांचे नाव अजरामर झाले ते कॅलिफोर्नियामुळे. तिथल्या संत्रा-लिंबूच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापशी खवले किडीने वाळत होत्या. बागायतदार झाडे उपटून जाळू लागले होते. कीड जिथून आली तिथेच तिचा शत्रू असणार, असा रायली यांचा विचार होता. पण खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांना परदेश प्रवासाची सरकारी मनाई होती. शेवटी मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीच्या निधीतून १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले.

कोबेले यांनी पाठवलेले व्हेडालिया जातीचे पहिले १२९ ढालकिडे लॉस एंजेलिसमध्ये तंबूने झाकलेल्या एका किडग्रस्त झाडावर सोडले गेले. झाड स्वच्छ झाल्यावर तंबू उघडला. १८८९ च्या जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक ढालकिडे बागायतदारांना वाटून झाले होते आणि पुढच्या वर्षभरात बागा सावरल्या. हाच ढालकिडा पुढे निलगिरीतही आणला गेला.

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या बागांत डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले आणि खवले कीड पुन्हा उसळली. रायली हे पाहायला नव्हते. १४ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. बावन्नावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता.

तोडणी तोंडावर असताना तुम्ही काय कराल?

- आधी पाहा. भिंगाने पानाची खालची बाजू तपासा. दाराजवळच्या, कडेच्या आणि उष्ण कोपऱ्यातल्या झाडांपासून सुरुवात करा. सुमारे ३० अंश तापमानात लाल कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून आठवड्यातून दोनदा पाहणी हवी.
- दिवस मोजा. शेवटची तोडणी काही दिवसांवर असेल आणि जाळी मोजक्या पानांवरच असेल, तर फवारणी टाळून माल काढून घ्या. तोडे सुरू राहणार असतील, तर त्या पिकासाठी शिफारस असलेले आणि लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी दोन तोड्यांच्या अंतरात बसणारेच कोळीनाशक निवडा. बसत नसेल तर फवारू नका.
- हाताने कमी करा. जास्त प्रादुर्भावाची पाने पिशवीत काढून बाहेर नष्ट करा. पिकाला सोसत असेल तर सकाळी पानाच्या खालून पाण्याचा फवारा द्या, पाने दुपारपर्यंत सुकू द्या. किडग्रस्त ओळीतले काम दिवसाच्या शेवटी करा. कोळी कपड्यांवरून पसरतो.
- मित्र मारू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास परभक्षी कोळी मरतात आणि लाल कोळी आणखी वाढतो.
- परभक्षी लवकर सोडा. फायटोसियुलस किंवा आपल्याकडे आढळणारा निओसियुलस लाँगिस्पिनोसस हे कोळी पहिले ठिपके दिसताच सोडायचे असतात. जाळी धरल्यावर, कोरड्या उष्ण हवेत ते मागे पडतात. उपलब्धतेसाठी कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करा.
- तोडणीनंतर थांबू नका. पिकाचे अवशेष आणि तण त्याच आठवड्यात बाहेर काढा. नाही तर हाच कोळी पुढच्या लागवडीवर चढेल.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला औषधाचे नाव सांगण्याआधी त्याच्या हातात भिंग द्यावे आणि एक पान उलटे करून दाखवावे. अंडी, पिल्ले आणि परभक्षी त्याला स्वतः ओळखता आले, तर निम्म्या फवारण्यांचा निर्णय तो स्वतःच नीट घेईल.